लेखकानेच छापलेले पुस्तक परीक्षणासाठी येते तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार दिसू लागला आहे. प्रकाशनसंस्थेच्या वाटेला न जाता लेखकाने पदरमोड करून छापलेली किंवा थेट ई-पुस्तक म्हणून वाचकांपुढे ठेवलेली पुस्तके आता वाचनालयांत, वाचनमंडळांच्या बैठकांत आणि रविवार पुरवण्यांच्या कचेऱ्यांत मोठ्या प्रमाणावर येत आहेत. ती वाचून त्यांवर लिहिण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पडते, त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. त्यांतील काही पत्रे संक्षेपाने येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एका जिल्हा दैनिकाच्या पुरवणीसाठी परीक्षणे लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या पुस्तकांतील बरीच लेखकांनी स्वतः छापलेली असतात. कोणी निवृत्तीच्या पैशांतून कादंबरी काढतो, कोणी आईच्या पंच्याहत्तरीला तिच्या कवितांचा संग्रह करतो. अशा पुस्तकाला नामांकित प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकाची कसोटी लावणे अन्यायाचे नाही का?
— एक परीक्षणकर्ते, सांगली

उत्तर : कसोटी एकच असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. परीक्षण हे लेखकाला दिलेले प्रशस्तिपत्र नसते. जो वाचक पुस्तकासाठी पैसे मोजणार आहे आणि आपल्या चार संध्याकाळी त्याला देणार आहे, त्याच्यासाठी ते लिहिलेले असते. त्या वाचकाला लेखकाने निवृत्तीचे पैसे घातले की प्रकाशकाने भांडवल घातले, याच्याशी कर्तव्य नसते. शिवाय सवलतीचे गुण देऊन आपण लेखकाचाही मान राखत नाही. ज्याने पाच-सहा वर्षे एका कादंबरीवर घालवली आहेत, त्याला आपल्या कादंबरीचा गंभीरपणे विचार व्हावा असेच वाटत असणार.

मात्र कसोटी एक असली, तरी दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित वाचून मत देणारा वाचक असतो, संपादक असतो, मुद्रितशोधक असतो, मुखपृष्ठ आणि मांडणी करणारे लोक असतात. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला ही सगळी कामे एकट्याने करावी लागतात किंवा माहितीतल्या माणसांकडून करून घ्यावी लागतात. त्यामुळे लेखन आणि निर्मिती यांचा विचार परीक्षणात स्वतंत्रपणे यावा. संपादकाची कात्री न लागलेल्या साडेचारशे पानांच्या कादंबरीत अडीचशे पानांची उत्तम कादंबरी दडलेली असू शकते. तसे असेल तर ती कोणत्या प्रकरणांत आहे आणि कोठे हरवते हे दाखवून देणे, ही परीक्षणकर्त्याला करता येण्यासारखी सर्वांत मोठी मदत आहे. ‘कादंबरी पसरट झाली आहे’ एवढ्या शेऱ्याने ना वाचकाला काही कळते, ना लेखकाला.

स्वतः छापलेले म्हणजे दुय्यम, हा समज आपल्याच साहित्याच्या इतिहासाने खोटा ठरवला आहे. मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी एकत्र येऊन ‘क्लिअरिंग हाउस’ नावाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९७६ मध्ये तिच्यातर्फे कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याआधीची दोन दशके मराठी लघुनियतकालिकांची चळवळ अशाच हातखर्चावर आणि मित्रांच्या श्रमांवर चालली होती. पण या उदाहरणांवरून ‘जे प्रकाशकांनी नाकारले ते थोरच असणार’ असा उलटा निष्कर्ष काढणेही बरोबर नाही. स्वप्रकाशित पुस्तकांतील बहुसंख्य पुस्तके साधारण असतात. प्रकाशनसंस्थांच्या पुस्तकांतीलही बहुसंख्य तशीच असतात.

राहिला प्रश्न आईच्या कवितांचा. पुस्तकावर किंमत छापून ते विक्रीस ठेवले असेल, तर ते सार्वजनिक झाले आणि त्याचे परीक्षण होऊ शकते. ‘खाजगी वितरणासाठी’ असे त्यावर छापले असेल, तर ते कौटुंबिक समारंभाचा भाग आहे. त्याचे परीक्षण करू नये. ‘साभार पोच’, म्हणजे पुस्तक मिळाल्याची नुसती नोंद, द्यावी आणि लेखिकेला चार ओळींचे पत्र लिहावे.

प्रश्न : आमच्या वाचनालयातर्फे दरमहा एक पत्रिका निघते आणि तिच्यात नव्या पुस्तकांवर मी लिहिते. माझे वाचन मुख्यतः कथा-कादंबरीचे आहे. पण हाती येणारी पुस्तके पाककृतींपासून भयकथांपर्यंत आणि गझलांपासून गावाच्या इतिहासापर्यंत सर्व प्रकारची असतात. प्रत्येक प्रकारात पारंगत होणे शक्य नाही. मग लिहावे कसे?
— एक ग्रंथपाल, चिपळूण

उत्तर : प्रत्येक पुस्तक वाचकाला काहीतरी कबूल करते. ते शीर्षकातून, मलपृष्ठावरच्या मजकुरातून आणि लेखकाच्या मनोगतातून करते. आपण पहिले पान उलटण्यापूर्वी ती कबुली दोन ओळींत कागदावर उतरवून घ्यावी आणि पुस्तक वाचून झाल्यावर तिच्याशी ताडून पाहावे. ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून काढलेल्या किल्ल्यांच्या मार्गदर्शिकेत ऐतिहासिक खोली नाही ही तक्रार होऊ शकत नाही. पण पायथ्याच्या गावाला एसटी कितीला येते आणि वाटेत पाणी कोठे मिळते हे त्यात नसेल, तर तो गंभीर दोष आहे. वाङ्मयप्रकार कोणताही असो, या तुलनेने परीक्षणाचा पाया पक्का होतो. त्यापुढे मात्र प्रत्येक प्रकाराचे स्वतःचे नियम असतात आणि त्यांतले दोन-चार तरी माहीत करून घ्यावे लागतात.

पाककृतींचे पुस्तक केवळ वाचून त्यावर लिहू नये. त्यातले काही पदार्थ करून पाहावेत आणि त्यांतला निदान एक आपल्याला मुळीच न येणारा असावा. समजा, अळूवडीच्या साहित्याच्या यादीत चिंच नाही आणि कृतीत मात्र एकदम ‘कोळ घालून पीठ भिजवावे’ असे आले आहे. ज्याला अळूवडी येते तो हे सावरून घेईल. पण ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले गेले तो नवखा कोळ किती घ्यायचा ते न कळल्याने चमचाभर घालील, खाल्ल्यावर घसा खवखवला की अळूला दोष देईल आणि पुस्तक मिटून ठेवील. वाटी केवढी धरली आहे, प्रमाण किती माणसांसाठी आहे, पीठ किती घट्ट हवे हे सांगितले आहे का, अशा गोष्टी वाचताना नजरेतून सुटतात आणि ओट्याशी उभे राहिल्यावर लगेच कळतात.

गझलसंग्रहासाठी तंत्राची तोंडओळख आवश्यक आहे आणि ती अवघड नाही. सुरेश भटांनी नव्या कवींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, ती मन लावून वाचली तरी परीक्षणकर्त्याचे पुष्कळ काम भागते. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, ‘वारा’ आणि ‘तारा’ हे काफिये (यमकाचे शब्द) आले असतील, तर ‘रा’च्या आधीचा ‘आ’ हा स्वर ही त्या गझलेची अलामत ठरली. पुढच्या शेरात कवीने ‘पुरा’ वापरला, तर कानाला यमक जुळल्यासारखे वाटते, पण अलामत तुटते. हा दोष दाखवताना तो शेर उद्धृत करावा. त्याचबरोबर तंत्र चोख असूनही एकही शेर मनात न रेंगाळणारे संग्रह पुष्कळ असतात, याचे भान सोडू नये. वृत्त सांभाळले म्हणून कविता झाली असे होत नाही.

ऐतिहासिक कादंबरीत कल्पनेला मोकळीक असते. काळाच्या चौकटीला नसते. देवगिरीच्या यादवांच्या मुदपाकखान्यात लाल मिरचीचा ठेचा वाटला जात असेल, तर लेखकाने त्या काळाचा अभ्यास पुरेसा केलेला नाही असे समजावे. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपली आणि मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, ती त्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी. एखादी अशी चूक क्षम्य आहे. अशा चुका पानोपानी असतील, तर कादंबरीतील लढाया आणि तह यांविषयीही वाचकाला सावध करणे हे आपले काम ठरते.

रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा यांच्याकडे आपल्या समीक्षेने फार काळ पाठ फिरवली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे गेली, पिढ्यान्‌पिढ्यांनी त्या वाचल्या, पण त्यांची बांधणी कशी होती याचा विचार फार थोड्यांनी केला. आज या प्रकारांत लिहिणारे पुष्कळ तरुण स्वतःच ई-पुस्तके काढत आहेत, त्यामुळे त्यांच्या वाट्यालाही तीच उपेक्षा येण्याचा धोका आहे. रहस्यकथेत उलगड्याचे धागे लेखकाने वाचकासमोर आधी मांडले होते का, की शेवटच्या प्रकरणात नवाच इसम आणून उभा केला, हे पाहावे आणि शेवट न फोडता ते सांगावे. विज्ञानकथेत लेखकाला एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याचा अधिकार असतो. पुढचे सारे त्या गृहीतकाला धरून चालले पाहिजे. भयकथेच्या बाबतीत आपल्याला भीती वाटली का, हे प्रामाणिकपणे लिहिणे पुरेसे आहे.

आता ज्या प्रकाराविषयी आम्हाला विशेष आस्था आहे, त्याबद्दल सविस्तर लिहितो. कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांचे इतिहास, आणि गावाचे इतिहास हे महाराष्ट्रातील स्वप्रकाशनाचे फार जुने आणि टिकून राहिलेले प्रकार आहेत. कुलमंडळ वर्गणी गोळा करते, घराण्यातला एखादा निवृत्त गृहस्थ वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करतो, गावोगाव हिंडतो आणि शेवटी जाडजूड ग्रंथ तयार होतो. त्याचे परीक्षण बहुधा कोणीच करीत नाही, कारण बाहेरच्या माणसाला तो आपल्यासाठी नाही असे वाटते. वास्तविक कोणत्या पिढीने कोकण सोडले, कोण बडोद्याला किंवा इंदूरला नोकरीस गेले, प्लेगच्या साथीत कोणते घर रिकामे झाले, शिक्षण घेणारी पहिली मुलगी कोण, अशी माहिती ज्या बारकाव्याने या ग्रंथांत सापडते, तशी ती अन्यत्र क्वचितच मिळते. अशा ग्रंथाविषयी लिहिताना तीन गोष्टी तपासाव्यात. वंशावळ कशावरून तयार केली, म्हणजे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इनामाचे कागद आणि घरातली ऐकीव माहिती यांतील कोणती गोष्ट कोठून आली, हे वेगवेगळे नोंदवले आहे का? लेकी आणि सुना यांची नावे, माहेर-सासरसह, दिली आहेत की वंशवृक्षाच्या फांद्यांवर फक्त पुरुष आहेत? आणि शेवटी व्यक्तिनामांची व स्थळांची सूची आहे का? सूची नसलेला सहाशे पानांचा कुलवृत्तांत अभ्यासकाला जवळजवळ निरुपयोगी असतो, हे प्रत्येक परीक्षणात ठणकावून सांगायला हवे. गावाच्या इतिहासाबाबत एक पथ्य आणखी आहे. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे ब्रिटिशकालीन सरकारी माहितीग्रंथाचा, त्या जिल्ह्याचा खंड जवळ ठेवून वाचावे. त्यातले उतारेच्या उतारे नामनिर्देश न करता अनुवादित केलेले आढळतात. उलट, लेखकाने स्वतः पाहिलेला एखादा वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड) किंवा स्वतः ठसा घेतलेला शिलालेख पुस्तकात असेल, तर त्या दोन पानांसाठीही पुस्तकाची दखल आवर्जून घ्यावी.

नर्मदा परिक्रमेची आणि कैलास-मानसरोवराची प्रवासवर्णने आता इतकी झाली आहेत की, लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले एवढेच शोधावे. बालसाहित्य एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्यावर लिहू नये.

एवढे करूनही एखादा प्रकार आपल्या आवाक्याबाहेरचा वाटला, तर पुस्तक जाणत्या माणसाकडे सोपवावे. तसे माणूस नसेल, तर ‘या प्रकारातील माझे वाचन मर्यादित आहे’ हे वाक्य परीक्षणाच्या आरंभीच लिहावे. वाचक त्या वाक्याचा आदर करतो.

प्रश्न : स्वप्रकाशित पुस्तकांत मुद्रणदोषांचा सुळसुळाट असतो. कधी कधी पानागणिक पाच-सहा चुका सापडतात. परीक्षणात त्यांची यादी द्यावी का?
— एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे

उत्तर : यादी परीक्षणात देऊ नये, ती लेखकाला स्वतंत्रपणे पाठवावी. परीक्षणात एक-दोन नमुने देऊन दोषाचे स्वरूप सांगावे, कारण सगळ्या चुका एका जातीच्या नसतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ही एक गोष्ट. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्या अक्षरावर जाणे आणि जोडाक्षरे फुटणे ही दुसरी. ती तांत्रिक असते आणि लेखकाला शेवटची प्रुफे काळजीपूर्वक पाहता आली असती तर टळली असती. तिसरी जात मात्र अर्थालाच बाधा आणते. डोंगरभटकंतीच्या पुस्तकात ‘दऱ्या’च्या जागी सर्वत्र ‘दर्या’ छापले गेले, तर सह्याद्रीत समुद्र अवतरतो. अनुक्रमणिकेतील पृष्ठांक आणि प्रत्यक्ष पृष्ठांक जुळत नसणे, एकच परिच्छेद दोनदा येणे, छायाचित्राखाली भलतीच ओळ असणे हे दोषही याच जातीचे. वाचकाला अडखळवणाऱ्या चुकांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ज्यांमुळे वाचन अडत नाही, त्यांसाठी एक वाक्य पुरते.

हल्ली मागणीनुसार छपाई होते आणि ई-पुस्तकाची फाइल तर लेखक केव्हाही बदलू शकतो. त्यामुळे आपण कोणती आवृत्ती वाचली आणि ती कोणत्या महिन्यात मिळाली, हे परीक्षणाखाली नोंदवावे. आपण दाखवलेल्या चुका लेखकाने पुढच्या महिन्यात दुरुस्त केल्या असतील, तर नव्या वाचकाला आपले परीक्षण चुकीचे वाटू नये.

प्रश्न : पहिल्याच पुस्तकावर कठोर लिहिले तर नवा लेखक कायमचा खचेल, असे वाटून मी अनेकदा लेखणी आवरते. हे योग्य आहे का?
— एक प्राध्यापिका, अमरावती

उत्तर : आपल्या प्रश्नामागची कळकळ समजते आणि तिच्यामुळेच आपल्याच वऱ्हाडातील एका लेखिकेची आठवण होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून प्रसिद्ध केले. प्रती पाचशे आणि किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर चाललेल्या अर्भकहत्येच्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी राळ उडाली, तिला हे उत्तर होते. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून या टीकेला उत्तर देत ताराबाईंची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मरणात गेले ते गेलेच. १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा नव्वदहून अधिक वर्षे उलटली होती. ताराबाईंच्या नावावर हे एकच पुस्तक आहे.

या घटनेवरून ‘नव्या लेखकांवर टीका करू नये’ असा बोध आम्ही घेत नाही. ताराबाईंच्या पुस्तकात लांबण आहे, राग आहे, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी आहे. हे सगळे कोणी नोंदवले असते तर बिघडले नसते. त्या पुस्तकाचा युक्तिवाद काय आहे, तो त्याच्याच शब्दांत मांडून त्याला उत्तर देणारे परीक्षण त्याला त्या काळात मिळायला हवे होते. एखाद्या बाईने असे लिहावेच का, या प्रश्नाशी जो अडला, त्याच्या हातून ते लिहून होणे शक्य नव्हते. ज्या पुस्तकामागे वितरक नाही, जाहिरात नाही आणि ज्याच्या जेमतेम दोन-तीनशे प्रती निघतात, त्याच्याविषयीची एकमेव सार्वजनिक नोंद बहुधा आपले परीक्षण असते. त्यात लेखकाचा मुद्दा नीट उतरला असेल, तर पन्नास वर्षांनी कोणीतरी ते पुस्तक शोधत निघू शकतो.

म्हणून लेखणी आवरू नये. ती लेखकाकडून लेखनाकडे वळवावी. ‘लेखकाला कथेची जाण नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘तिसऱ्या कथेत नायिकेचा निर्णय आधीच्या दोन पानांतील तिच्या वागण्याशी विसंगत आहे’ असे लिहावे. दुसरे वाक्य अधिक कठोर आहे, कारण त्याला पुरावा आहे. पण त्याने लेखक खचत नाही, तो तिसरी कथा पुन्हा उघडून पाहतो. पुस्तकात खरोखरच सांगण्याजोगे काही नसेल, तर मौन बाळगण्याचा अधिकार परीक्षणकर्त्याला आहे. खोटी स्तुती करण्याचा नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्यात लिहिणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. सहकाऱ्याच्या पुस्तकावर तटस्थपणे लिहिता येते का?
— एक माध्यमिक शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : कठीण आहे, आणि ते कठीण आहे हे मोठमोठ्यांनी ओळखले होते. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यामागचा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि ते कथेच्याच बळावर मिळाले, याविषयी कोणाच्या मनात किंतू राहिला नाही. स्पर्धेत नाव झाकता येते. छापील पुस्तकात ते झाकता येत नाही. म्हणून तेथे नाते उघड करणे हाच उपाय. ‘लेखक माझे सहकारी आहेत’ हे पहिल्या परिच्छेदात लिहावे. नाते रक्ताचे किंवा आर्थिक असेल, पुस्तकाला आपली प्रस्तावना असेल किंवा प्रकाशन समारंभात आपण वक्ते असाल, तर परीक्षण न लिहिता पुस्तक-परिचय लिहावा आणि त्याला परिचयच म्हणावे. आसपासच्या दोन तालुक्यांतील वाचनमंडळांनी आपापल्या लेखकांची पुस्तके परीक्षणासाठी अदलाबदल करून घेतली, तर ही अडचण बरीच हलकी होईल. असा प्रयोग कोणी करणार असेल तर आम्हाला जरूर कळवावे.

प्रश्न : मी माझी पहिली कादंबरी स्वतः छापली. अनेक नियतकालिकांना प्रती पाठवल्या. ‘साभार पोच’च्या यादीत नाव येण्यापलीकडे काही झाले नाही. नंतर एका व्यक्तीने ठरावीक रक्कम दिल्यास तीन ठिकाणी चांगली परीक्षणे आणि संकेतस्थळांवर पंचवीस पंचतारांकित अभिप्राय मिळवून देण्याची तयारी दाखवली. हे सर्रास चालते असे म्हणतात. काय करावे?
— एक कादंबरीकार, नांदेड

उत्तर : नकार द्यावा. विकत घेतलेला अभिप्राय वाचकाची फसवणूक करतो आणि ती लक्षात आली की आपल्या पुढच्या पुस्तकावरचा प्रामाणिक अभिप्रायही कोणी खरा मानत नाही. ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक तयार केले आहे. त्याचे पालन ऐच्छिक असले तरी त्याचा रोख स्पष्ट आहे: अभिप्राय देणारी व्यक्ती खरी असावी आणि पैसे घेऊन लिहिलेले अभिप्राय दाखवू नयेत. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वस्तूची भलामण करणाऱ्याचे विक्रेत्याशी काही हितसंबंध असतील तर ते उघड करावे लागतात. पुस्तकाची विनामूल्य प्रत परीक्षणासाठी देणे मात्र सर्वमान्य आहे. ती मिळाली होती एवढे परीक्षणात लिहिले म्हणजे झाले.

प्रती पाठवण्याच्या पद्धतीतही सुधारणा करता येईल. बहुतेक मराठी नियतकालिके परीक्षणासाठी दोन प्रती मागतात, कारण एक परीक्षणकर्त्याकडे जाते आणि एक कार्यालयात राहते. सोबत एका पानाचे पत्र असावे: कादंबरी कशाविषयी आहे, कोणत्या वाचकासाठी आहे, पृष्ठे, किंमत आणि ती कोठे मिळेल. आपल्या कादंबरीचा विषय ज्या भागाचा किंवा ज्या व्यवसायाचा असेल, त्याच्याशी संबंधित नियतकालिकांकडे ती आधी पाठवावी. ऊसतोडीवरची कादंबरी साखरपट्ट्यातील जिल्हा दैनिकात जितक्या जाणतेपणाने वाचली जाईल, तितकी मुंबईच्या पुरवणीत वाचली जाईलच असे नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी या निमित्ताने. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतःच अर्ज करू शकतो. त्यासाठी कोणी ‘सरकारी शुल्क’ सांगत असेल तर ते देऊ नये. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने, आणि आपण स्वतः प्रकाशक असाल तर आपण, पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन निर्धारित सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने, प्रकाशनानंतर तीस दिवसांत पाठवायची असते. पुष्कळ लेखकांना हे कोणी सांगतच नाही, त्यामुळे त्यांची पुस्तके कोठल्याच संग्रहात राहत नाहीत. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनांसाठी वेगळा विभाग आहे, त्याच्या जाहिरातीवरही लक्ष ठेवावे. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. आपली कादंबरी निघून गेली असली, तरी आपल्या परिचयातील ज्या नवलेखकांचे हस्तलिखित अजून तयार होत आहे त्यांना ती सांगावी.

प्रश्न : कवितासंग्रहाच्या परीक्षणात संपूर्ण कविता उद्धृत करता येते का? एका कवीने हरकत घेतली आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम ५२ नुसार समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी कलाकृतीचा न्याय्य वापर करण्यास परवानगी लागत नाही. न्याय्य किती, याचा आकडा कायद्याने दिलेला नाही. जेवढ्या ओळींवर आपण प्रत्यक्ष भाष्य करता, तेवढ्या उद्धृत कराव्यात आणि कवीचे व संग्रहाचे नाव द्यावे. चार ओळींची कविता संपूर्ण देऊन तिच्यावर परिच्छेदभर लिहिणे सर्वसाधारणपणे न्याय्य वापरात बसावे. तीन दीर्घ कविता छापून त्यांवर दोन ओळी लिहिणे बसणार नाही. कवीची हरकत कोणत्या उताऱ्याविषयी आहे हे पत्रात नमूद नाही. ते आणि छापलेले परीक्षण आमच्याकडे पाठवल्यास अधिक नेमके उत्तर देता येईल.